चित्रांची दुसरी प्रत



गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेतील एका विद्यार्थिनीची वही नष्ट झाली. एका वहीच्या नाशाने वार्षिक अंकाची इतकी पाने अडवावी काय, असे कोणास वाटेल. यास्तव त्या वहीत काय होते हे प्रथम सांगितले पाहिजे.

या मुलीची आजी पहाडावरील एका लहानशा गुड्यावर राहत असे. आजीच्या दोन्ही हातांवर व पायांच्या पोटऱ्यांवर गोंदण होते. मुलीच्या आईच्या हातावर त्यांपैकी चारच खुणा आहेत, आणि मुलीच्या हातावर एकही नाही. दिवाळीच्या सुटीत ही मुलगी आजीजवळ बसली. आजीने हात पुढे करावा व नातीने रेघ न् रेघ न्याहाळून ती शाईने वहीत उतरावी, असा क्रम आठ दिवस चालला. एकंदर बावीस आकृती झाल्या. प्रत्येकीखाली आजीने सांगितलेले तिचे नाव मुलीने सुवाच्य अक्षरांत लिहिले. पुढे पौष महिन्यात आजी वारली. ज्या अंगावर त्या आकृती होत्या ते अंग मातीस मिळाले. मागे राहिली ती वही.

वही घरातील पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. मुलीच्या भावाने तिच्या सर्व पानांची छायाचित्रे आपल्या मोबाइलवर घेतली होती, त्यामुळे घरची मंडळी निश्चिंत होती. पण श्रावणातील एका रात्री छप्पर गळून पेटीत पाणी शिरले. शाईच्या रेघा एकमेकींत मिसळल्या, पाने चिकटली. आणि पेटीवरच ठेवलेला मोबाइलही त्याच पाण्याने निकामी झाला. सकाळी मुलगी ती ओली वही पदराखाली धरून शाळेत आली, तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना.

बावीसपैकी सात आकृती मात्र वाचल्या. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनासाठी मी माघात त्या वहीतील सात पानांची छायाचित्रे घेऊन शाळेच्या ऑनलाइन साठ्यात ठेविली होती. यात माझी दूरदृष्टी होती असे कोणी समजू नये. सात पाने भिंतीवर बरी दिसतील एवढाच माझा विचार होता. उरलेली पंधरा त्याच वेळी घेण्यास दहा मिनिटेही लागली नसती. ती दहा मिनिटे मी दिली नाहीत, हे या मुलीपुढे मी कबूल केले आहे व येथेही करतो.

मी ती सात चित्रे शाळेच्या संगणकावर उघडून दाखविली, तेव्हा डोळे पुसून तिने एकच प्रश्न विचारला, “गुरुजी, ही सात कुठं होती?” मुलांचे प्रश्न पुष्कळदा मोठ्यांच्या उत्तरांहून शहाणे असतात. ‘ही कशी वाचली’ असे तिने विचारले नाही. ‘कुठं होती’ असे विचारले. चित्रे जपण्याच्या विद्येचे सारे मर्म या ‘कुठं’मध्ये आहे.

अशी हानी आपल्यावरच ओढवली असे नाही. महाराष्ट्रातील सर्वांत थोर चित्रांच्या प्रतींवर हाच प्रसंग दोनदा आला, आणि त्याचे कारण आपल्या वहीच्या कारणाहून निराळे नव्हते. अजिंठ्याची लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतात. पूर्वी तो मुलूख निजामाच्या राज्यात होता, जसा आपला राजुऱ्याकडील पहाडही होता. १८१९ सालच्या एप्रिल महिन्यात जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीस गेला असता ही लेणी बाहेरच्या जगाच्या दृष्टीस पडली. आतील भिंतींवर दीड हजार वर्षांपूर्वीची, व काही त्याहूनही जुनी, चित्रे होती. परंतु गिलावा जागोजाग सुटत होता, ओल व वटवाघळे आपले काम करीत होती, आणि रंग दिवसेंदिवस उडत होते. मूळ चित्रे टिकोत वा न टिकोत, त्यांच्या हुबेहूब प्रती तरी करून ठेवाव्या, असे जाणत्यांस वाटू लागले.

१८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यास या कामी नेमले. अंधाऱ्या लेण्यांत, उन्हाळ्या-पावसाळ्यांत, हा गृहस्थ वर्षानुवर्षे खपला आणि त्याने मोठमोठ्या कापडी पटांवर तैलरंगात प्रती तयार केल्या. त्या समुद्रमार्गे लंडनला गेल्या व सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या भव्य वास्तूत मांडल्या गेल्या. १८६६ सालच्या डिसेंबरच्या ३० तारखेस त्या वास्तूस आग लागली, आणि गिलच्या प्रती बहुतेक सर्व जळाल्या. आयुष्यातील उमेदीची वर्षे एका रात्रीत राख झाली. पुढे १८७९ साली गिल वारला. त्याचे दफन भुसावळ येथे झाले.

सरकारने काम पुन्हा आरंभिले. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स या शिक्षकाने १८७२ सालापासून आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास मुक्काम ठोकून तेरा वर्षे प्रती काढविल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावलौकिकास चढलेले चित्रकार या विद्यार्थ्यांत होते. सुमारे तीनशे पट तयार झाले. हे पटही लंडनलाच रवाना झाले, आणि साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात गेले. १८८५ साली तेथे आग लागून त्यांतील शंभराहून अधिक पट भस्म झाले. दोन्ही वेळच्या मिळून उरलेल्या १६६ प्रती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. पहिल्या आगीने एक धडा दिला होता. तो धडा लोकांनी असा वाचला की, प्रती जळाल्या, तर पुन्हा काढा. परंतु खरा धडा असा होता की, प्रती एका छपराखाली ठेवू नका. श्रम पुन्हा केले, खर्च पुन्हा केला, कसबी हात पुन्हा मिळविले. चूक मात्र तीच राहिली. प्रती उत्तम होत्या, पण त्यांच्या उत्तमपणाने आग विझली नाही. ज्या घरात मूळ वस्तू असते त्याच घरात प्रत ठेविली, तर घराचे जे होईल तेच प्रतीचे होते. आणि सर्व प्रती एका दूरच्या घरात ठेविल्या, तर त्या घराचे जे होईल तेच सर्वांचे होते. आपल्या विद्यार्थिनीची वही व तिच्या भावाचा मोबाइल या दोन प्रती खऱ्या. पण एका पेटीजवळ होत्या म्हणून त्या रात्री त्यांची किंमत एकीइतकीच ठरली.

याच्या उलट गोष्टही आपल्याच प्रांतात घडली आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईस रंगीत शिळाछापाचा छापखाना काढला, व पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविला. १९७२ साली मोठी आग लागून हा छापखाना नष्ट झाला. छपाईचे सामान गेले. तरीही त्या छापखान्याची चित्रे काही जगातून नाहीशी झाली नाहीत. ती तोवर खेडोपाडी पसरून भिंतीभिंतींवर टांगली गेली होती. एका राजवाड्यात मांडलेले मोलाचे पट गेले, आणि हजारो घरांत विखुरलेले साधे कागद राहिले. ग्रिफिथ्स यानेही १८९६-९७ साली अजिंठ्यावरील आपला मोठा सचित्र ग्रंथ दोन खंडांत छापून काढला, आणि मग त्या चित्रांची स्मृती एकाच इमारतीच्या स्वाधीन राहिली नाही. पुढे हैदराबाद संस्थानाच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांनी छायाचित्रांच्या आधारे १९३० ते १९५५ या काळात ‘अजंठा’ या ग्रंथाचे चार भाग प्रसिद्ध केले. १९९१ साली बिनॉय बहल यांनी, मूळ रंगांस प्रखर उजेडाची झळ न लावता, अतिशय मंद प्रकाशात तेथील चित्रांची छायाचित्रे घेतली. मूळ भिंतींवरील रंग उडत असताही आज शाळेतील मुलास अजिंठ्याची पद्मपाणी मूर्ती ठाऊक असते, ती या विखुरलेल्या प्रतींच्या कृपेने.

आता आपल्या काळातील साधनांकडे वळू. गिलला एका चित्राच्या प्रतीस महिनोन्महिने लागत. आज तुमच्या घरातील मोबाइल ते काम क्षणात करतो. ही प्रत कशाची बनलेली असते हे समजून घेणे अगत्याचे आहे. संगणक चित्राचे बारीक चौकोनी ठिपके पाडतो, आणि प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा हे तीन रंग किती प्रमाणात आहेत ते ० ते २५५ पर्यंतच्या अंकांनी नोंदून ठेवतो. वहीच्या ए-४ मापाच्या पानाची दर इंचास ३०० ठिपके या हिशेबाने स्कॅनरवर प्रत घेतली, तर आडवे २४८० व उभे ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. थोडक्यात, ही प्रत म्हणजे अंकांची एक प्रचंड लांब यादी होय.

यातून एक मोठा लाभ होतो. हाताने काढलेल्या प्रतीची प्रत काढली तर प्रत्येक वेळी रेघ थोडी चळते; दहाव्या हाती गेलेले चित्र पहिल्यासारखे राहत नाही. परंतु अंकांची यादी जशीच्या तशी उतरविली, तर दहावी प्रत पहिलीइतकीच खरी असते. मात्र ‘जशीच्या तशी’ हे शब्द नीट ध्यानी धरावे. व्हॉट्सॲपवरून चित्र नेहमीच्या रीतीने धाडले, तर जागा व वेळ वाचविण्यासाठी त्यातील बारकावे कमी केले जातात. गोंदणाच्या बारीक टिंबांचा तेथे चट्टा होतो. ज्यास पूर्ण प्रत धाडावयाची असेल त्याने ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडावी. म्हणजे मूळ फाइल न बदलता पोचते.

दुसरी गोष्ट अशी की, अंकांची प्रत पुष्कळ बनविता येते म्हणून ती अमर आहे असे नव्हे. मोबाइल हरवतो, पाण्यात पडतो, जुना होऊन विकला जातो. पेन ड्राइव्ह धुवावयाच्या कपड्यांबरोबर धुतला जातो. संगणकाची हार्ड डिस्क एके दिवशी पूर्वसूचना न देता बंद पडते. कागद जळताना धूर तरी दिसतो. या वस्तूंचा नाश निःशब्द होतो. म्हणूनच प्रत घरापासून दूर ठेवावी लागते, आणि त्यासाठीच ऑनलाइन साठ्याचा उपयोग.

या साठ्यास लोक ‘क्लाऊड’ म्हणजे मेघ म्हणतात. या नावाने पुष्कळांची अशी समजूत होते की, आपले चित्र कोठेतरी आभाळात तरंगत असते व तेथे त्यास कशाचेच भय नाही. ही समजूत सोडून दिली पाहिजे. क्लाऊड म्हणजे दूर कोठेतरी जमिनीवर उभी असलेली पक्की इमारत. तिच्यात हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात, व त्यांतील काहींवर तुमच्या अंकांची यादी लिहिलेली असते. थोर कंपन्या एकाच वस्तूच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवतात, म्हणून आपल्या पेटीपेक्षा ती जागा पुष्कळ भरवशाची. परंतु इमारत ती इमारतच. २०२१ सालच्या मार्च महिन्याच्या १० तारखेस फ्रान्स देशातील स्ट्रासबर्ग येथे अशाच एका साठ्याच्या इमारतीस आग लागून ती जळून गेली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. पण ज्यांची मूळ वस्तू व प्रत दोन्ही त्याच आवारात होत्या त्यांपैकी कित्येकांचा संग्रह कायमचा गेला. क्रिस्टल पॅलेस व स्ट्रासबर्ग यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे. चूक एकच आहे.

आग लागली नाही तरीही माणसाच्या हातून प्रमाद होतो. मायस्पेस नावाच्या प्रसिद्ध अमेरिकी संकेतस्थळावर लोकांनी वर्षानुवर्षे आपली गाणी, छायाचित्रे व चित्रफिती ठेविल्या होत्या. २०१५ सालपर्यंतचा तो संग्रह यंत्रांची अदलाबदल करताना नष्ट झाला, असे २०१९ साली उघड झाले. ज्यांनी आपल्या घरी दुसरी प्रत ठेविली होती त्यांचे काही गेले नाही. ज्यांनी ‘तेथे आहे की’ म्हणून घरची पुसून टाकली ते हात चोळीत बसले. तात्पर्य, दूरची पेटी ही घरच्या पेटीच्या जागी नाही, घरच्या पेटीच्या जोडीस आहे. शहाणा शेतकरी बियाण्याचे सारे दाणे एकाच कणगीत भरीत नाही, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

या सर्वांचे सार छायाचित्रकारांनी एका सोप्या आकड्यात बांधले आहे: तीन, दोन, एक. प्रत्येक मोलाच्या चित्राच्या तीन प्रती असाव्या. त्या निदान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या. आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या गावी असावी. मूळ कागद घरी, एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा शाळेच्या संगणकावर, आणि एक ऑनलाइन साठ्यात, एवढे केले म्हणजे हा नियम पाळला गेला. यास मोठा खर्च नाही. गूगलच्या खात्यास सध्या १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. तीत ईमेल व छायाचित्रे दोन्ही धरावयाची. मोबाइलचे एक छायाचित्र सरासरी ४ एमबी धरले, तरी तीत साडेतीन हजारांहून अधिक छायाचित्रे मावतात. एवढी चित्रे आपल्या शाळेतील मुलांनी अद्याप काढावयाची आहेत!

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. विद्यार्थ्यांनी ती आपल्या वडीलधाऱ्यांसमवेत करून पाहावी.

चित्राचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात, पण उन्हात नव्हे, पडवीच्या सावलीत घ्यावे. फ्लॅश लावू नये. त्याने मध्यभागी पांढरा डाग पडतो. कागद सपाट ठेवून मोबाइल त्याच्या बरोबर वर, समांतर धरावा. तिरपा धरला तर चौकोन वाकडा होतो. कागदाच्या कडेस मोजपट्टी ठेवावी, म्हणजे मूळ चित्र केवढे होते हे पुढे कळते. पाठीमागे काही लिहिले असल्यास त्याचेही छायाचित्र घ्यावे. मग ते मोठे करून रेघा स्पष्ट आहेत की नाहीत हे पाहावे, आणि अस्पष्ट असल्यास आळस न करता पुन्हा घ्यावे.

यानंतर फाइलला नाव द्यावे. मोबाइल आपणहून जे नाव देतो त्यात नुसते आकडे असतात. पाच वर्षांनी त्यावरून कोणास काही उमगत नाही. चित्र काय, कोणी काढले, कोणत्या गावी व कोणत्या वर्षी, एवढे नावात असावे. चित्र कोणा वडीलधाऱ्याकडून मिळाले असेल तर त्यांनी सांगितलेली माहिती वेगळ्या पानावर लिहून तिचीही प्रत सोबत ठेवावी. नाव नसलेले चित्र आणि पत्ता नसलेले पत्र सारखेच. वाचलेल्या सात आकृतींची नावे आज आपणांस ठाऊक आहेत, कारण छायाचित्रात आकृतीखालची ओळही आली होती.

मूळ फाइलीस हात लावू नये. रंग उजळावयाचे किंवा कडा कापावयाच्या असतील तर तिची दुसरी प्रत करून तीवर काम करावे. तसेच, मोबाइल व ऑनलाइन साठा एकमेकांस जोडलेले असतील, तर एकीकडे पुसलेले दुसरीकडेही आपोआप पुसले जाते, हे कधीही विसरू नये. पुसलेली वस्तू काही दिवस टोपलीत राहते व मग कायमची जाते. म्हणून निवडक चित्रांचे वेगळे फोल्डर करून ते या जोडणीबाहेर ठेवावे.

खाते पालकांच्या नावे उघडावे. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा, आणि दुसऱ्या कोणास सांगू नये. जे खाते दोन वर्षे कोणी उघडीत नाही ते आतील वस्तूंसह काढून टाकण्यात येईल, असा नियम गूगलने २०२३ साली जाहीर केला आहे. म्हणून वर्षातून एकदा तरी पेटी उघडावी, एखादे चित्र परत उतरवून घेऊन ते नीट उघडते की नाही हे पाहावे. मृग लागण्यापूर्वी आपण छप्पर शाकारून घेतो. त्याच आठवड्यात हेही काम करावे, म्हणजे विसर पडणार नाही. पाऊस पडू लागल्यावर सुचणारे शहाणपण म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

पहाडावरील पालक म्हणतील, “गुरुजी, आमच्या गुड्यावर मोबाइलला जाळेच लागत नाही, मग दूरची पेटी आम्ही उघडावी कशी?” अडचण खरी आहे, परंतु तीवर उपाय नाही असे नाही. छायाचित्रे घेण्यास जाळे लागत नाही. ती केवळ धाडण्यास लागते. तेव्हा छायाचित्रे गावीच घ्यावी व बाजाराच्या दिवशी जिवतीस आल्यावर धाडावी. तेही न जमल्यास मूळ कागद मुलांबरोबर शाळेत पाठवावे. शाळेच्या संगणकावर प्रत घेऊन कागद त्याच दिवशी परत देण्याचे काम मी व वरच्या वर्गातील विद्यार्थी आनंदाने करू. शेवटी, दूरच्या गावी राहणाऱ्या आत्या-मामांकडे एक पेन ड्राइव्ह ठेविला, तरी तीही दूरची पेटीच होय. वस्तू दुसऱ्या छपराखाली असावी एवढेच येथे अभिप्रेत आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ती मी सर्वांत महत्त्वाची समजतो. जपणे निराळे आणि जगास दाखविणे निराळे. ऑनलाइन साठ्यातील चित्र कोणी पाहावे हे ठरविण्याची सोय असते. ती आरंभी ‘केवळ आपल्यापुरती’ अशीच ठेवावी. आजीच्या हातावरील गोंदण हे आजीचे आहे. तिने नातीस ते उतरू दिले याचा अर्थ ते चव्हाट्यावर मांडण्यास तिची संमती आहे असा होत नाही. प्रत करण्यापूर्वी विचारावे, दाखविण्यापूर्वी पुन्हा विचारावे. जी खूण दाखवू नये असे वडीलधारी माणसे सांगतील ती दाखवू नये.

प्रत मूळ वस्तूची जागा घेते असेही मानू नका. आजीच्या हाताची ऊब, ती नाव सांगताना थांबली कोठे व हसली कोठे, हे कोणत्याही साठ्यात मावत नाही. प्रत एवढेच करते की, जे गेले ते काय होते हे सांगण्यास एक साक्षीदार मागे ठेवते. अजिंठ्याच्या भिंतींवरून जे तपशील आज झिजून गेले आहेत त्यांतील काही ग्रिफिथ्सच्या वाचलेल्या पटांवरच पाहावयास मिळतात. जळालेल्या पटांवर काय होते, हे कोण सांगणार?

आपली विद्यार्थिनी मात्र रडत बसली नाही. दसऱ्यानंतर तिने नवी वही घातली. पहिल्या पानावर आईच्या हातावरील चार खुणा उतरल्या. त्या चारही वाचलेल्या सातांतील निघाल्या. मग ती रविवारी आजीच्या गुड्यावरील व शेजारच्या गुड्यांवरील वृद्ध स्त्रियांकडे जाऊ लागली, प्रत्येकीस विचारून, परवानगी घेऊन. गमावलेल्या पंधरांपैकी तीन आकृती तिला इतरांच्या हातांवर सापडल्या. पाहताक्षणी ओळख पटली, असे ती म्हणते. एकदा हाताने काढलेली रेघ हात विसरत नाही. उरल्या बारा. ज्या हातांवर त्या असतील ते हात आता फार थोडे उरले आहेत, आणि सर्व थकलेले आहेत.

म्हणून पालकांस माझी विनंती आहे की, आपल्या घरी जी वडीलधारी माणसे आहेत त्यांच्याजवळ आपल्या मुलांस या सुटीत बसवावे. गोंदण असेल, भिंतीवरील चित्र असेल, सणाच्या दिवशी अंगणात काढावयाची आकृती असेल. मुलांनी ती आपल्या हाताने कागदावर काढावी, नाव व गाव लिहावे, आणि शाळा उघडताच कागद घेऊन यावे. या वेळी मी सातच पाने निवडणार नाही. आणाल तेवढी सर्व घेईन.

त्या मुलीच्या नव्या वहीची प्रत आता तीन ठिकाणी आहे. गेल्या सोमवारी तिने ती स्वतः मोजून पाहिली.